मूठभर मेथीचं पंचामृत

मी पंचामृत फार चांगलं करते. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण दुसऱ्या कोणी सांगेल म्हणून वाट बघत बसलं तर माणसाचे दात जातात, आणि दात गेल्यावर पंचामृतातले शेंगदाणे चावत नाहीत.

देवाला आंघोळ घालतात ते दुधा-दह्याचं पंचामृत मी म्हणत नाही. पानात डाव्या बाजूला, चटणी आणि कोशिंबिरीच्या शेजारी चमचाभर वाढतात ते. हिरव्या मिरच्यांचे तुकडे, चिंचेचा कोळ, गूळ, शेंगदाणे, ओल्या खोबऱ्याचे पातळ काप, आणि वरून तिळाचा कूट. आंबट, गोड, तिखट, खारट, आणि अगदी शेवटी जिभेच्या मागच्या टोकाला फोडणीतल्या मेथीचा एवढासा कडवटपणा. पाच चवी म्हणून पंचामृत, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण वेगळं असेल तर कृपा करून मला कळवू नका.

नवऱ्याची बदली चेन्नईला झाली तेव्हा मी पस्तिशीची होते. केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळे कुठे जायचं हे सरकार ठरवणार आणि कुठे राहायचं हे बायको. मी वेस्ट मांबलम ठरवलं, कारण तिथे भाजी दारात येते आणि स्टेशन पायी गाठता येतं. पहिल्या मजल्यावर आम्ही, तळमजल्यावर घरमालकीण. या सत्तरीच्या बाई तंजावरकडच्या मराठी. सगळे त्यांना अक्का म्हणत, मीही म्हणू लागले. त्यांचं मराठी ऐकून पहिले दोन महिने मला वाटायचं की जिन्याखाली कोणीतरी पोथी वाचतंय. ‘आहे’ला ‘आहे’च म्हणायच्या, पण मधेच एखादा तमिळ शब्द असा टाकायच्या की भातात खडा लागावा.

शहरातल्या मराठी माणसांचं एक मंडळ होतं. रेल्वेतले, बँकेतले, संरक्षण खात्याच्या कारखान्यातले जुने लोक, आणि अलीकडे कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी आलेली पोरं-पोरी. दिवाळीनंतर एका रविवारी मंडळाचा सत्यनारायण असायचा आणि मग जेवण. हे जेवण आम्ही बायका आपापल्या घरी करून हॉलवर आणायचो. कोणी काय करायचं हे एग्मोरला राहणाऱ्या एक काकू ठरवायच्या. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झाले होते, काकू मात्र कशातूनच निवृत्त झाल्या नव्हत्या. नव्या बाईला काकडीची कोशिंबीर मिळायची. दोन-तीन वर्षांनी बटाट्याची भाजी, मग मसालेभात. पंचामृत कोणालाच मिळायचं नाही, कारण पंचामृत काकू स्वतः करायच्या. मेथीचे दाणे मोजून सात. सहा नाही, आठ नाही.

मला सहा वर्षं काकडी मिळाली. बटाट्याच्या भाजीपर्यंतसुद्धा माझी बढती झाली नाही, आणि त्याला कारण माझं तोंड. पहिल्याच वर्षी मी पंगतीत म्हटलं होतं की पंचामृत छान आहे, पण आमच्याकडे याहून जरा दाट करतात. ते काकूंनी ऐकलं. काकू ऐकायच्या फार. मग मी सहा वर्षं काकड्या चोचवल्या, आणि दर वर्षी चोचवताना मनातल्या मनात पंचामृत करत राहिले.

सातव्या वर्षी पाऊस इतका झाला की वेलचेरीत, जिथे मंडळातली कॉम्प्युटरवाली पोरं राहायची, तळमजल्यावरच्या घरांत फ्रिज तरंगले. आमच्या गल्लीतही चार दिवस गुडघाभर पाणी होतं. त्याच पावसात काकू पाय घसरून पडल्या आणि डावं मनगट मोडलं. शुक्रवारी त्यांचा फोन आला. रविवारी चाळीस माणसं आहेत, वेलचेरीची पोरं चार दिवस ब्रेडवर आहेत, त्यांना गरम जेवण मिळालं पाहिजे, असं सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, “पंचामृत तुला जमेल?”

मी म्हटलं, “काकू, डोळे मिटून करीन.”

“डोळे उघडे ठेव. मेथी सात दाणे. आणि नैवेद्य दाखवल्याशिवाय जीभ लावायची नाही. जमलं तर पुढे ते तुझं. नाही जमलं तर काकड्या आहेतच.”

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली. त्या वयात आणि त्या वजनात गिरकी घेणं सोपं नव्हतं. मग तीन वेळा शिंकले. पावसात भिजून मला सणसणीत सर्दी झाली होती. नाक पूर्ण बंद, कॉफी आणि कढत पाणी यांत फरक कळत नव्हता. हे मी काकूंना सांगितलं नाही. सात वर्षांनी हातात आलेलं पातेलं नाकासाठी कोण सोडणार.

शनिवारी संध्याकाळी वीज गेली ती गेलीच. तीळ भाजून तयार होते, पण मिक्सर बंद. तेव्हा ते मी डब्यात घालून अक्कांकडे पाठवले. त्यांच्याकडे दगडी खल होता. रविवारी सकाळी नवऱ्याला खाली पाठवलं, तो दोन डबे घेऊन वर आला. दोन्ही स्टीलचे, दोन्ही आमचेच, दोन्हींच्या झाकणावर आमच्या लग्नात कोरून घेतलेलं आमचं आडनाव.

“दोन कसे?” मी विचारलं.

“अक्कांनी दोन दिले. काहीतरी म्हणाल्याही.”

“काय म्हणाल्या?”

“मराठीच बोलत होत्या,” नवरा म्हणाला, “एक शब्द सोडून.” आणि तो पेपर वाचायला बसला.

कूट दोन डब्यांत बसला असेल, असं मी धरलं. पातेलं गॅसवर होतं. फोडणी अशी झाली होती की मोहरी ताशासारखी वाजली. सात दाणे मोजून घातले, मिरच्या परतल्या, चिंच, गूळ, दाणे, खोबरं, सगळं उकळून दाट होत आलं होतं. मी पहिल्या डब्यात हात घातला, भरगच्च मूठ काढली आणि पातेल्यात सोडली. ढवळलं. मग दुसऱ्या डब्यात हात घातला आणि तिथेच थांबले.

दुसऱ्या डब्यातलं पीठ ओलसर होतं. बोटांना तेल लागलं, मूठ दाबली तर लाडू वळला. तिळाचा कूट असाच असतो. मग मी पहिल्या डब्यात पुन्हा बोटं घातली. ते कोरडं, बारीक, पावडरसारखं भुरभुरीत. वास घेतला. माझं नाक म्हणजे तेव्हा चेहऱ्यावरची नुसती सजावट होती. काही कळलं नाही.

मी जिन्यात जाऊन खाली हाक मारली. “अक्का, पहिल्या डब्यात काय आहे?”

“वेंदयम गे,” अक्का खालून म्हणाल्या. “भाजून कुटलेलें. तुझा दिवाळीचा डबा माझ्याकडे राहिला होता. रिता कसा देऊं? लोणच्यांत घाल.”

वेंदयम म्हणजे मेथी.

शेजारणीचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही आपली रीत तीनशे वर्षं तंजावरला राहूनही या बाईंच्या घराण्यानं सोडली नव्हती. आणि मी, सात दाण्यांच्या जागी, चाळीस माणसांच्या पंचामृतात मूठभर मेथी घालून मोकळी झाले होते. घड्याळात पावणेनऊ. अकराला पूजा, एकला पान. माझ्या डोळ्यांसमोर काकड्यांची रास उभी राहिली, पुढची वीस वर्षं पुरेल एवढी.

नवऱ्याला मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. तो फक्त एवढंच म्हणाला की वेंदयम हा शब्द त्याला औषधाच्या दुकानातला वाटला.

अक्का हळूहळू जिना चढून वर आल्या. पातेल्यात डोकावल्या, वास घेतला, आणि डोळे बारीक केले. “चाखून पाहिलीस?”

मी सांगितलं की चाखता येत नाही, नैवेद्य व्हायचाय. न चाखता दुरुस्त कसं करू आणि चाखलं तर काकूंना काय तोंड दाखवू, असं म्हणत मी ओट्याला टेकून खाली बसलेच. थोडं नाटक होतं, पण सगळं नाटक नव्हतं.

अक्कांनी वाटी मागितली. चमचाभर पंचामृत वाटीत काढलं, त्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि ती वाटी माझ्या देव्हाऱ्यातल्या अन्नपूर्णेपुढे सरकवली. मी म्हटलं, “अक्का, नैवेद्य सत्यनारायणाला दाखवायचाय. हॉलवर.”

“देव दोन आहेत काय गे? इथें दाखविला, तिथें पोचला.”

“पण कडू आहे हो ते.”

“तिनें सर्वांच्या घरचें खाल्लें आहे,” अक्का म्हणाल्या. “पाणी फिरव.”

मी पाणी फिरवलं, डोळे मिटले, आणि अन्नपूर्णेची मनापासून क्षमा मागितली. मग बोट बुडवून चाखलं. सर्दीनं बधिर झालेल्या जिभेलासुद्धा असा झटका बसला की कान गरम झाले. लहानपणी जंतांवर काढा पाजायचे, तो यापुढे बासुंदी.

माझ्या जिभेला एवढं कळलं, पण बारीकसारीक कळणं शक्य नव्हतं. चाखायला दुसरं माणूस हवं होतं. अक्कांना गुळाचं पथ्य. राहिला नवरा. आता माझा नवरा हा चव बघायला जगातला सगळ्यात निरुपयोगी माणूस. लग्न झाल्यापासून माझ्या प्रत्येक पदार्थाला त्यानं ‘छान’ म्हटलेलं आहे, करपलेल्या खिचडीलाही. पण त्याची एक खूण मला माहीत होती, त्याला माहीत नव्हती. खोटं ‘छान’ म्हणताना त्याच्या पायाचे अंगठे वर उचलतात. मी त्याला खुर्चीत बसवलं, चमचा तोंडात दिला आणि पायांकडे बघितलं.

“छान,” तो म्हणाला. अंगठेच काय, अख्खी पावलं टाचेवर उभी राहिली.

पहिला उपाय कोणालाही सुचेल तोच मला सुचला: गूळ. घरात एक लहानसा खडा उरला होता. तेव्हा मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली, छत्री घेतली आणि गल्लीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाकडे निघाले, त्या तपकिरी पाण्यातून, पायाखाली रस्ता आहे या विश्वासावर.

इथे माझ्या तमिळबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. मला त्याचा गर्व होता, आणि गर्वाचं कारण ‘ळ’. नवऱ्याच्या ऑफिसातल्या उत्तरेकडच्या बायकांना ‘ळ’ म्हणता यायचा नाही, त्यांची जीभ ‘ल’वरच घसरायची. आपल्याला ‘ळ’ आईच्या दुधाबरोबर मिळालेला. म्हणून मी तमिळ बोलताना दिसेल त्या ‘ल’चा ‘ळ’ करायची. जितके जास्त ‘ळ’ तितकं चांगलं तमिळ, असा माझा साधा हिशोब. गुळाला तमिळमध्ये ‘वेल्लम’ म्हणतात. इतकी वर्षं मी दुकानात गुळाकडे बोट दाखवत आले होते. त्या दिवशी गूळ पोत्यात बांधून वर ठेवलेला, म्हणून प्रथमच मोठ्यानं मागितला. पाण्यात उभी राहून, छातीवर हात ठेवून, साऱ्या मराठी जातीच्या वतीनं मी तो ‘ळ’ उच्चारला. मला वेळ्ळम पाहिजे, दोन किलो, चांगलं, लवकर.

दुकानदाराला सगळे ‘अण्णाची’ म्हणत, म्हणजे आपले अण्णा; ते तिरुनेलवेलीकडचे. त्यांच्या भागातले लोक ‘ल’ आणि ‘ळ’ एकमेकांत मिसळत नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या गुडघ्यांकडे, मग गल्लीभर पसरलेल्या पाण्याकडे. अतिशय गंभीर चेहऱ्यानं ते म्हणाले, “अम्मा, हे एवढं पुरत नाही का? हवं तेवढं घेऊन जा, मी पैसे घेणार नाही.”

वेळ्ळम म्हणजे पूर. मी गुडघाभर पुरात उभी राहून दोन किलो पूर मागत होते, तोही चांगला आणि लवकर.

दुकानातली तीन गिऱ्हाइकं भिंतीला धरून हसत होती. अण्णाचींनी मला जीभ दातांच्या मागे कुठे टेकवायची ते दाखवलं, माझ्याकडून तीनदा ‘वेल्लम’ म्हणवून घेतलं आणि मगच पोतं खाली काढलं. मला राग यायला हवा होता. पण खरं सांगते, त्यांच्याबरोबर मीही हसले.

घरी येऊन मी गूळ घातला. ढवळला, उकळला, नवऱ्याला चाखवलं. “छान,” पावलं वर. आणखी घातला. पुन्हा तेच. चौथ्या वेळेला नवरा काकुळतीला येऊन म्हणाला, “अगं, आता गोड पण आहे आणि कडू पण आहे. दोघं वेगवेगळे येतात.” लग्नानंतर प्रथमच तो माझ्या स्वयंपाकाबद्दल ‘छान’ सोडून काही बोलला होता. आणि अगदी बरोबर बोलला होता. गूळ पुढून गोड लागत होता, आणि तो गिळला की मागून मेथी चालून येत होती.

अक्का एवढा वेळ स्टुलावर बसून खोबऱ्याचे काप करत होत्या. कोणी सांगितलं नव्हतं. मी हताश होऊन त्यांच्याकडे बघितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तूं कडवांत गोड ओततीस. असें सात जन्म ओतलीस तरी तें कडूच. दुसरें पातेलें ठेव. चांगलें पंचामृत कर, मेथी नसलेलें. मग त्यांत हें कडू थोडकें थोडकें घाल.”

किती साधी गोष्ट, आणि किती उलटी. बिघडलेलं सुधारायचं नाही, चांगलं करायचं आणि बिघडलेलं त्यात मुरवायचं.

मग जे झालं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. चिंच पुन्हा भिजली, गरम पाण्यात, घाईघाईत. शेंगदाणे पुन्हा भाजले. मिरच्या निम्म्याच, कारण त्या पहिल्या पातेल्यातूनही येणार होत्या. फोडणीत मेथी नाही, हिंग मात्र ठळक. आणि या वेळेला तिळाचा कूट, डब्यातून काढून, बोटांनी दोनदा दाबून, अक्कांना दाखवून, मग घातला. नवं पातेलं उकळून तकतकीत झालं. मग त्यात जुन्यातली एक पळी. नवरा, चमचा, पाय. अंगठे जमिनीवर. दुसरी पळी. जमिनीवर. तिसरी, चौथी. पाचव्या पळीला डाव्या पायाचा अंगठा किंचित हलला. तिथे मी थांबले. मीठ चिमूटभर जास्त घातलं, कारण आईचं कारल्यातलं गणित आठवलं: कडवाला साखर फसवते, मीठ दाबतं. पुन्हा चमचा.

नवरा काही बोललाच नाही. चमचा चाटला आणि वाटी पुढे केली. पाय निपचित.

मी स्वतः चाखलं. सर्दीतूनही मला ते कळलं. आंबट आलं, गोड आलं, तिखट आलं, आणि सगळे आपापल्या जागी बसल्यावर मेथी आली, सावकाश, दार उघडून, वहाणा बाहेर काढून. काकूंच्या पंचामृतात मेथी डोकावून जायची. माझ्या पातेल्यात ती बसली होती. पहिल्या पातेल्यातलं उरलेलं मी डोळ्यांआड केलं, आणि त्याबद्दल अन्नपूर्णेची पुन्हा क्षमा मागितली. त्या सकाळी तिला फार काम पडलं.

निघताना मी अक्कांना म्हटलं, तुम्ही पण चला. म्हणताना मला लाज वाटली, कारण सहा वर्षांत हे एकदाही सुचलं नव्हतं. मराठी मंडळ म्हणजे आपलं, अक्का म्हणजे घरमालकीण, असं माझ्या डोक्यात बसलेलं. अक्कांनी एवढंच विचारलं की साडी बदलूं काय. रिक्षा पाण्यात यायला तयार नव्हती. तेव्हा पुढे नवरा, डोक्यावर पंचा गुंडाळून त्यावर पातेलं, मागे मी त्याच्या खांद्याला धरून, आणि बाजूला अक्का छत्री घेऊन. छत्री पातेल्यावर. आम्ही तिघंही भिजलो.

पूजा झाली, नैवेद्य झाला, पान मांडलं. काकू पंगतीत बसल्या, डावा हात गळ्यात अडकवलेला. अक्कांना त्यांच्या शेजारी जागा मिळाली. वेलचेरीची पोरं समोरच्या रांगेत, पँटी गुडघ्यापर्यंत वळलेल्या. मी चमचा-चमचा वाढत गेले. काकूंच्या पानावरही तेवढंच वाढलं.

काकूंनी अक्कांना विचारलं, तुम्ही मूळच्या कुठल्या. अक्का म्हणाल्या, इथल्याच. काकू म्हणाल्या, तसं नाही, महाराष्ट्रातून कधी आलात.

“तीनशें वर्षें जाहलीं,” अक्का म्हणाल्या. “तुम्ही?”

“तीस,” काकू म्हणाल्या, आणि पाठ ताठ करून बसल्या. मंडळात त्यांच्याहून जुनं कोणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं.

वदनी कवळ झालं. काकूंनी आधी वरणभात खाल्ला, मग भाजी. पंचामृताला बोट लावलं ते अगदी सावकाश. मी दोन पानं पुढे उभी होते, पातेलं कमरेला टेकवून. काकूंचा चेहरा वाचता येत नाही, रेल्वेच्या वेळापत्रकासारखा आहे. शेजारून अक्का अगदी निर्मळ मनानं म्हणाल्या, “वेंदयम बरें उतरलें आहे.”

काकूंनी मान वर केली. “वेंदयम म्हणजे मेथी ना? किती दाणे घातलेस गं?”

खोटं बोलायला मला काही अडचण नव्हती. सात म्हटलं असतं तर सुटले असते. पण त्या पंचामृतासाठी मी इतकं केलं होतं की त्याचं श्रेय सात दाण्यांना जाऊ देणं माझ्या जिवावर आलं.

“दाणे नाही, काकू,” मी म्हटलं. “मूठ.”

पंगतीतल्या चार-पाच बायकांचे हात थांबले. मग मी तिथेच, पातेलं हातात धरून, सगळं सांगितलं. डबे, आडनाव, नवऱ्याचा औषधाच्या दुकानातला शब्द, दोन किलो पूर, पायाचे अंगठे. अंगठ्यांपाशी पंगत फुटली. नवरा पान पुढे ओढून पाय मांडीखाली लपवत होता. फक्त काकू हसल्या नाहीत. सगळे थांबल्यावर त्यांनी विचारलं, “नैवेद्याआधी चाखलंस?”

“नाही, काकू. आधी अन्नपूर्णेला दाखवलं, मग चाखलं.”

काकूंनी पानावरचं उरलेलं बोटानं पुसून खाल्लं, आणि उजव्या हातानं पानाची डावी बाजू माझ्याकडे किंचित फिरवली. “वाढ,” म्हणाल्या. मी चमचाभर वाढलं. “पळीनं वाढ.” मी पळीनं वाढलं. समोरच्या रांगेतून एका मुलानं पुरी वर धरली आणि त्यालाही पळीनंच हवं होतं. त्या दिवशी पंचामृत आमटीसारखं संपलं.

हात धुताना काकूंनी मला गाठलं. “पुढच्या वर्षीपासून पंचामृत तुझं,” त्या म्हणाल्या. “पण सात दाणेच. हे असलं पुन्हा नको.” मी हो म्हटलं. त्यांच्या पायाही पडले, म्हणजे चेहरा दिसायला नको.

पुढच्या वर्षी मी शब्द पाळला. नाक स्वच्छ, वीज चालू, डबा एकच, मेथीचे दाणे मोजून सात. काकू पंगतीत, मनगट बरं झालेलं, शेजारी अक्का, आता न बोलावता आलेल्या. मी वाढत असताना गेल्या वर्षी पुरी वर धरणारा तो वेलचेरीचा मुलगा शेजारच्या मुलीला सांगत होता की चांगलं आहे, पण गेल्या वर्षीचं जे होतं ना, ते काही वेगळंच होतं. तो हळू बोलत होता. पण मी आधीच सांगितलंय, काकू ऐकायच्या फार.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घालून पुढच्या पानावर चमचा टेकवला, आणि रांग संपेपर्यंत वर बघितलं नाही. तेवढा वेळ मला हसू आवरायला लागलाच.